दामाजीपंतांची गोष्ट इतिहासाच्या तासाला

मंगळवेढ्याचे नाव निघाले की दामाजीपंतांची गोष्ट निघतेच. दुष्काळ पडला, पंतांनी बादशहाची धान्याची कोठारे रयतेसाठी उघडली, बिदरहून पकडून आणण्याचा हुकूम सुटला आणि विठ्ठलाने विठू महार होऊन धान्याचे मोल दरबारात भरले. याच गावाशी चोखोबांचा अंत जोडलेला आहे. कान्होपात्रा इथलीच. बसवेश्वरांच्या आयुष्यातील कारकुनीचा काळ इथला सांगतात. तालुक्याच्या दक्षिणेला हुलजंतीत दिवाळीच्या अमावास्येला महालिंगरायाच्या यात्रेत पालख्यांची भेट होते आणि कर्नाटकातूनही भाविक लोटतात. इतके धन ज्या तालुक्यात आहे, तिथल्या शाळांत ते बहुतेक वेळा जयंतीच्या भाषणापुरते आणि स्नेहसंमेलनातल्या वेशभूषेपुरते येते. इतिहास, भाषा, गणित, विज्ञान यांच्या तासाला ते आणावे की नाही, याबद्दल शिक्षकांत दोन तट आहेत, आणि दोन्हींकडे विचार करण्याजोगे मुद्दे आहेत. वादाचा विषय संवादातून मांडण्याची रीत मराठीला नवी नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले ते धोंडिबा आणि जोतीराव यांच्या बोलण्यातूनच. त्याच रीतीने इथे दोन कल्पित शिक्षक समोरासमोर बसवले आहेत: माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाई आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी. माझे मत गुरुजींच्या बाजूला झुकते, हे आधीच सांगतो. पण बाईंच्या आक्षेपांना उत्तर मिळाल्याखेरीज ते मत टिकणार नाही, म्हणून पहिला शब्द त्यांचा.

बाई: गुरुजी, दामाजीपंतांविषयी मला आदरच आहे. पण ऐकीव काय आणि सिद्ध काय, हा फरक शिकवणं हे माझं काम. कीर्तनात ऐकलेली गोष्ट मूल श्रद्धेनं ऐकतं, आणि तिथं ते योग्यच आहे. तीच गोष्ट इतिहासाच्या तासाला आली की तिच्यावर शाळेचा शिक्का बसतो. मग सुलतानाच्या दरबारात देव गेला होता, हेही मूल इतिहास म्हणूनच लिहिणार. या गोष्टीला आधार तरी कोणता? ती घराघरांत पोचली ती महिपतीबुवा ताहराबादकरांच्या 'भक्तविजया'मुळे. तो ग्रंथ १७६२चा आणि घटना पंधराव्या शतकातली. मधे तीनशे वर्षं गेली. एवढ्या काळात गोष्टीत काय शिरलं आणि काय गळलं, हे कोण सांगणार?

गुरुजी: तीनशे वर्षांचं अंतर म्हणजे काय, हे मुलांना कळायला याहून चांगलं साधन मला दिसत नाही. फळ्यावर तीन दावे लिहू. लोक या दुष्काळाला दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात. इंग्रजी अमदानीतलं गॅझेटियर दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ साली सुरू झाल्याचं सांगतं आणि दामाजीपंतांच्या नावाचा दुष्काळ १४६०चा म्हणून वेगळा नोंदवतं. आणखी एक प्रचलित समज त्याला १४६८ ते १४७५ या वर्षांत बसवतो. आता मुलांना एवढंच विचारायचं, की गोष्टीतला बादशहा कुठं बसतो? बिदरला. आणि बहामनींची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला कधी गेली? १४२०च्या दशकात. म्हणजे १३९६चा दुष्काळ या गोष्टीत बसत नाही. एक दावा मुलांनी स्वतः खोडला. उरले दोन. १४६० धरलं तर तख्तावर हुमायूनशहा येतो. १४६८ नंतरचं धरलं तर तिसरा मुहम्मदशहा, आणि त्याच्या कारभारातला मोठा माणूस महमूद गवान. सुलतानांची जी यादी पाठ करताना मुलं कंटाळतात, ती यादी इथं ती स्वतः मागून घेतील, कारण आपल्या गावच्या माणसाचा निवाडा तिच्यावर ठरणार आहे.

बाई: आणि 'बिदर' हे नावच गोष्टीत मागाहून आलं असेल तर?

गुरुजी: मग माझा सगळा युक्तिवाद पुन्हा तपासावा लागेल, आणि हा प्रश्न एखाद्या मुलानं विचारला तर तो तास सत्कारणी लागला असं मी म्हणेन. साधनांची चिकित्सा म्हणतात ती हीच. चमत्काराचंही तसंच. विठू महार खरोखर आला होता का, याचा निकाल शाळेनं देऊ नये. तो प्रश्न घराचा आणि मनाचा. शाळेनं विचारावं, की पैसे घेऊन जाणाऱ्या देवाला लोकांनी महाराचंच रूप का दिलं? गावचा सरकारी ऐवज आणि निरोप पोचवणं हे महार वतनदाराचं काम होतं. एका वाक्याच्या चमत्कारात जुन्या गावगाड्याचा कारभार दडलेला आहे. गोष्ट खरी मानायला कोणी सांगत नाही. तिला साक्षीला बोलवून तिची उलटतपासणी घ्यायची.

या पहिल्या फेरीतच दोघांच्या वादाचे मूळ उघडे होते. बाईंना भीती आहे ती लोककथा उत्तर म्हणून शिकवली जाण्याची. ही भीती अगदी रास्त आहे. गुरुजी तिला पुरावा म्हणून आणू पाहतात. पुरावा खोटा ठरू शकतो, अर्धवट असू शकतो, दोन पुरावे एकमेकांविरुद्ध जाऊ शकतात. म्हणून पुराव्याजवळ बसून विचार करावा लागतो. चोखोबांचा जन्म कोणी बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहुणाराजाचा सांगतो, कोणी पंढरपूर-मंगळवेढा परिसरातला. दोन्ही गावांचा अभिमान सांभाळून हा प्रश्न खुला ठेवता येतो, आणि खुला ठेवलेला प्रश्न मुलाला पुस्तकाबाहेर शोधायला लावतो. पण बाईंचा खरा जड आक्षेप पुढेच आहे.

बाई: विठू महाराची गोष्ट ऐकून सगळ्यांचे डोळे पाणावतात. पण याच गावचं कुसू बांधताना ते ढासळलं आणि १३३८ साली त्याखाली चोखोबा आणि त्यांच्याबरोबरचे मजूर गाडले गेले, हीही परंपराच सांगते. समाधी मिळाली ती पंढरपूरच्या महाद्वाराबाहेर. देव महार होऊ शकतो, पण महाराला देवळात जाता येत नाही, हे माझ्या वर्गातल्या दलित मुलानं कसं ऐकायचं? सोसणं म्हणजेच भक्ती, असं? जात्यावरच्या ओव्यांचं आपण कौतुक करतो, पण त्या ओव्या रचणारी बाई भल्या पहाटे उठून दळत होती. पिठाची गिरणी आली तेव्हा तिच्या पाठीला विसावा मिळाला. यल्लम्माच्या नावानं मुली सोडल्या गेल्या त्याही चौंडक्याच्या सुरावरच. ती प्रथा थांबवायला २००५ मध्ये महाराष्ट्राला कायदा करावा लागला. लोककला म्हणून ज्याला आपण हार घालतो, त्यातलं पुष्कळसं कोणाच्या तरी बळजबरीवर उभं होतं. मुलांना त्यातून बाहेर काढायला शाळा आहे, पुन्हा आत न्यायला नाही.

गुरुजी: बाई, यातला एक शब्दही मी खोडणार नाही. पण परंपरा फक्त सोसायला शिकवते, हे मात्र अर्धंच खरं. चोखोबांच्या घरातच बघा. सोयराबाई विटाळाची कल्पनाच तपासतात; सगळे देह जर विटाळातूनच जन्मतात तर सोवळा कोण, असा त्यांचा सवाल आहे. मुलगा कर्ममेळा तर आपल्या हीन ठरवलेल्या जन्माबद्दल थेट देवालाच जाब विचारतो. आपण चोखोबांची भक्ती सांगतो, बायकोचा सवाल आणि मुलाचा जाब गाळतो. ही गाळणी परंपरेनं लावलेली नाही, आपण लावली. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हे पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं. ज्या माणसानं धर्मग्रंथांची इतकी कठोर चिकित्सा केली, त्याला चोखोबांचं नाव टाकून द्यावंसं वाटलं नाही. तुमच्या वर्गातल्या त्या मुलाला ही सगळी साखळी मिळाली पाहिजे. कान्होपात्रेचंही तसंच. गणिकेच्या पोटी जन्मलेली मुलगी बादशहाचं बोलावणं नाकारते आणि देवळात प्राण सोडते. नववीच्या वर्गात विचारा, की तिला 'नाही' म्हणायची किंमत एवढी मोठी का द्यावी लागली? त्यावर मुलं-मुली जे बोलतील ते नागरिकशास्त्राच्या धड्यात सापडणार नाही.

बाई: आणि ओव्या?

गुरुजी: गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून पुढं महाराष्ट्रभरच्या बायकांकडून १,००,०००हून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, विठ्ठल आहे, तसा सासुरवास आहे, मुलगी म्हणून आलेला दुजाभाव आहे, आणि बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्यांचा मोठा साठा आहे. म्हणजे जात्याला जुंपलेली बाई फक्त सोसत नव्हती, जगाबद्दल मत बनवत होती आणि ते मत ओवीत बसवत होती. शाळेनं जातं फिरवायला शिकवायचं नाही. जात्यावर बसलेल्या बाईचं म्हणणं वाचायला शिकवायचं. आणि कलेचा साचा कुणाच्या मालकीचा नसतो. सत्यशोधकांनी तमाशाचाच घाट घेऊन जलसे उभे केले आणि भटशाही, सावकारी, निरक्षरता यांच्यावर गावोगाव बोलले. पुढं भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा त्याच वाटेनं नेला. ज्यांना रूढीशी सर्वांत कडवा लढा द्यायचा होता, त्यांनी लोककला सोडली नाही, हातात घेतली.

इथे मला गुरुजींच्या बोलण्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते. बाईंचा आक्षेप खरा असूनही त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. जातीची उतरंड, स्त्रीचे दुय्यमपण, दैववाद हे सारे लोकपरंपरेत आहे म्हणून ती शाळेबाहेर ठेवली, तर ती मुलाला भेटायची थांबत नाही. ती जत्रेत, घरात, मोबाइलच्या पडद्यावर भेटतच राहते. फक्त तिथे तिला प्रश्न विचारणारे कोणी नसते. परंपरेकडे डोळसपणे बघण्याची तालीम द्यायला गावात शाळेइतकी मोकळी दुसरी जागा नाही. ज्या गोष्टी दुखावतात त्या वगळून गोडगोड लोकसंस्कृती शिकवणे हा मात्र तिसरा आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. त्याला बाई आणि गुरुजी दोघांचाही विरोध असेल.

बाई: मान्य, पण वेळ कुठून आणायचा? पाचवीतल्या मुलाला दुसरीचं पुस्तक धड वाचता येत नाही, वजाबाकी जमत नाही, ही तक्रार वर्षानुवर्षं आपण ऐकतो. ज्यांच्या घरी पुस्तक नाही त्यांना शाळेत तरी पुस्तक मिळू दे. शहरातली मुलं संगणक शिकणार आणि आमची धनगरांचा गजी ढोल वाजवणार? मागासलेपणाला संस्कृतीचं नाव देऊन आपण खेड्यातल्या मुलांना जागच्या जागी ठेवतो आहोत, अशी मला शंका आहे.

गुरुजी: वाचनापासूनच बोलू. अक्षर ओळखायला लागलेल्या मुलासमोर त्याला तोंडपाठ असलेली ओवी लिहून ठेवली, तर पुढचा शब्द काय येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं; डोळा आणि कान एकमेकांना आधार देतात. अनोळखी शहरातल्या अनोळखी मुलाचा धडा वाचताना हा आधार मिळत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला हेच केलं. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या परिसरात नेली, खेळणी आणि गाणी तिथल्या वस्तूंतून, तिथल्या जगण्यातून घेतली. आपल्या तालुक्यात तर आणखी एक पदर आहे. दक्षिणेकडच्या काही घरांत कन्नड बोलली जाते. बिरोबा-महालिंगरायाची ओवी मराठीत आहे, तशी कन्नड डोळ्ळिन पदंही सीमाभागात गायली जातात. जे मूल मराठी वर्गात गप्प बसतं, त्याच्या आजोबांना येणारं पद वर्गात आलं, तर त्या दिवशी तेच मूल इतरांना अर्थ सांगेल. त्या मुलाच्या मनात शाळेविषयी काय बदलेल, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

बाई: आणि गणित, विज्ञान?

गुरुजी: दामाजीपंतांच्या कोठारातच आहे की सगळं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेलं हे पीक खोल काळ्या जमिनीतल्या ओलीवर येतं. ती ओल महिनोन्‌महिने टिकते कशी, हा मृदाशास्त्राचा पाठ. ज्वारी पूर्वी पेवात साठवायचे. हवाबंद पेवात धान्याला कीड कमी का लागते, आणि पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये असा जुन्या माणसांचा दंडक का, याचं उत्तर धान्याच्या श्वसनात आणि साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये आहे. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी. पण मणाला पायल्या किती, हे भागाभागांत बदलत असे. मग एका खंडीत किती माणसं किती दिवस जगतील? हिशेब मांडताना मुलाला कळेल, की माप एक नसेल तर उत्तरही एक येत नाही, आणि देशाला एकच मापपद्धती का स्वीकारावी लागली. भलरीची गाणी, मळणी, उफणणी यांच्यात काम, वारा, वजन यांचं विज्ञान आहे. यासाठी वेगळा तास लागत नाही. तोच अभ्यासक्रम आहे, फक्त उदाहरणं इथली.

बाई: भाकणुकीचं काय कराल? धनगरी जत्रांत पावसापाण्याचं भाकीत सांगतात आणि लोक त्यावर पेरण्यांचे बेत ठरवतात. तेही लोकज्ञान म्हणून शिकवणार?

गुरुजी: शिकवणार नाही, तपासणार. भाकीत ऐकलं त्याच दिवशी वहीत शब्दशः उतरवून ठेवायचं आणि वर्षभर पर्जन्यमापकाच्या नोंदींशी ताडून बघायचं. मुलांना दोन गोष्टी दिसतील: पुष्कळ भाकितं इतकी मोघम असतात की ती चुकूच शकत नाहीत, आणि खरं ठरलेलं लोकांच्या लक्षात राहतं, चुकलेलं विसरलं जातं. कुणाच्या श्रद्धेला न दुखावता यातून वैज्ञानिक दृष्टी येते. दुष्काळी मुलखातला माणूस पावसाच्या शब्दाला एवढा का आसुसलेला असतो, हेही त्यांना कळेल. कुणाची चेष्टा करून ते कळलं नसतं.

बाई: एक शेवटचं. कलावंताचं काय? रात्र रात्र चालणारी धनगरी ओवी तुम्ही दहा मिनिटांत बसवणार, गाणाऱ्याला नारळ देऊन पाठवणार, आणि त्याच्या मुलाला सगळे म्हणणार, 'तू वाजव, तुमच्या घरातलंच आहे.' जन्मानं ठरलेला धंदा शाळेनं पुन्हा त्याच्या गळ्यात घालायचा का?

गुरुजी: नाही, आणि हा धोका मी सगळ्यांत मोठा मानतो. म्हणून ढोल सगळ्या मुलांच्या हातात जावा, कुणा एकाच्या नव्हे. कलावंत पाहुणा शिक्षक म्हणून यावा आणि त्याला मानधन मिळावं, कारण तो शिकवायला येतो आहे. दहा मिनिटांत ओवी बसत नाही, हे तर मुलांना स्पष्ट सांगावं. पूर्ण ऐकायची तर जत्रेला जावं. हुलजंतीची यात्रा नेमकी दिवाळीच्या सुट्टीत येते. कला माहीत असणं आणि कलेला बांधलेलं असणं यांतला फरक शाळेनं सांभाळलाच पाहिजे.

बाईंनी घातलेल्या अटी आणि गुरुजींनी दिलेली उत्तरे एकत्र ठेवली, तर एक कार्यक्रम आपोआप तयार होतो, आणि तो अशक्य नाही हे सांगायला इतिहासात मोठा दाखला आहे. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या ५०,००० च्या आसपास मुलांनी आपल्या आजी-आजोबांकडून, शेजाऱ्यांकडून गोष्टी, उपचार, खेळ, दुष्काळाच्या आठवणी वहीत उतरवल्या. गरीब, नव्याने स्वतंत्र झालेल्या त्या देशात हे काम अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनी निबंधाच्या तासाला केले, आणि आज तो संग्रह संशोधकांचे मोलाचे साधन आहे. मुले ऐकायला, लिहायला, नोंद ठेवायला शिकली आणि देशाला त्याची स्मृती मिळाली. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर दप्तराविना दहा दिवसांची तरतूद सुचवली आहे. मंगळवेढ्याच्या शाळांना सुरुवात करायला तेवढे दिवस पुरेसे आहेत.

सुरुवात करताना तीन नियम पाळावेत. गोष्ट किंवा गाणे नोंदवताना सांगणाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीने, गाव आणि दिवस लिहावा. अनामिक 'लोक' नावाचे धुके तिथेच विरते आणि जी बाई आयुष्यभर कुणाची तरी आई म्हणून ओळखली गेली ती रचनाकार म्हणून वहीत येते. प्रत्येक गोष्टीची निदान दोन रूपे गोळा करावीत, शक्यतो वेगवेगळ्या आळ्यांतून आणि वेगवेगळ्या जातींच्या घरांतून. दामाजीपंतांची गोष्ट सगळ्या घरांत एकच सांगितली जाते की वेगवेगळी, हे मुलांना स्वतः कळू द्यावे. आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी मुलाने स्वतःचा एक प्रश्न लिहावा. हा तिसरा नियम सुटला तर सगळा उपक्रम पुन्हा स्नेहसंमेलनाच्या वेशभूषेवर येऊन थांबेल, आणि बाईंचे सगळे आक्षेप खरे ठरतील.

म्हणून या वादात बाई हरत नाहीत. त्यांच्यासारखी शंका घेणारी शिक्षिका नसेल तर लोककथा वर्गात आणूच नये, असे मी म्हणेन. आणि गुरुजींसारखा परिसर जाणणारा शिक्षक नसेल तर बाईंची चिकित्सा मुलांना परक्या विषयावरची वाटत राहील. संतांची भूमी म्हणून मंगळवेढ्याचा गौरव खूप झाला. त्या संतांनी आपल्या काळाला विचारलेले प्रश्न इथल्या मुलांना आपल्या काळाला विचारता येणे, हा त्या गौरवाचा खरा वारसा आहे, आणि तो त्यांच्या हाती देणे शाळेचे काम आहे.